वीस मोजेपर्यंत

तपासल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही, ही सवय मला चामोर्शीच्या बाजारानं लावली. मडकं घेताना बोटानं वाजवायचं, मासा घेताना कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, तांदळाचे दोन दाणे दाताखाली घालायचे. विकणारा ओळखीचा असला तरी हे करायचं. त्यालाही राग येत नाही, कारण तो स्वतः दुसऱ्या दुकानात हेच करतो. या सवयीनं माझं आयुष्यभर भलंच केलं. एकदाच तिनं मला तोंडावर आपटलं. हे त्या एका वेळेबद्दल आहे.

नव्वदच्या दशकात मी चामोर्शीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. दूरच्या शहरातल्या एका संशोधन केंद्राचे साहेब एक दिवस प्राचार्यांकडे आले. त्यांना जंगलातल्या हवेचे नमुने दर आठवड्याला हवे होते. प्राचार्यांनी माझं नाव सांगितलं, कारण माझी रजा कधी पडत नसे आणि माझ्या ताब्यातल्या काचेच्या वस्तू फुटत नसत.

साहेबांनी काम थोडक्यात सांगितलं. फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत जे गॅस भरतात, त्यांनी वरचा ओझोनचा थर विरळ केला आहे. ते बनवणं थांबवायचं, असं जगातल्या देशांनी ठरवलं आहे. पण हे गॅस हवेत वर्षानुवर्षं राहतात. ते खरोखर कमी होताहेत का, हे बघत राहायला हवं.

"थांबवलं असं कागदावर सगळेच लिहितात," ते म्हणाले. "हवेला विचारल्याशिवाय खरं कळत नाही."

हे मला पटलं. कागदावर माझाही विश्वास नव्हता. मी हो म्हटलं.

जागा त्यांनी आधीच बघून ठेवली होती. मुलचेऱ्याच्या पुढे जंगलाला लागून एक गाव, गावाबाहेर मोठा तलाव, तलावाची उंच पाळ. त्या पाळीवर वारा सरळ जंगलावरून येई. आसपास कोसन्‌कोस कारखाना नाही, वर्दळीचा रस्ता नाही, गावात एकही फ्रीज नाही. साहेबांना तेच हवं होतं.

गावाला मात्र ते संशयास्पद वाटलं. पहिल्याच भेटीत लोक समाजमंदिरात जमले आणि त्यांनी साहेबांना घेरलं.

"आमच्याकडं फ्रीज नाई, फवारा नाई. मंग आमचीच हवा काऊन?"

"म्हणूनच तुमची," साहेब म्हणाले.

ते कुणाला पटलं नाही. एक म्हातारा म्हणाला, खाली कोळसा सापडला असेल, तो हवेत कळत असेल, उद्या गाव उठवतील. दुसऱ्याला वाटलं, शहरातली हवा संपली, आता इथली भरून नेतात. शेवटी ठरलं की एक बाटली सगळ्यांसमोर उघडून दाखवायची. काचेची दोन लिटरची जाड बाटली, तोंडाला फिरवायची काचेची तोटी. आतली हवा यंत्रानं पूर्ण काढून टाकलेली. साहेबांनी तोटी फिरवली. सूंऽऽ असा आवाज आला आणि थांबला.

"काईच नाई निंगालं," पुढे बसलेली बाई म्हणाली.

"निघत नाही, आत जातं," मी म्हटलं.

"मंग बंद काऊन करता? जाऊ द्या ना, इथी लय आहे."

लोक हसले आणि परवानगी मिळाली. पाळीवर राहणाऱ्या चौकीदाराला साहेबांनी मदतनीस म्हणून घेतलं. तलाव मच्छीमारांच्या संस्थेचा होता आणि हा माणूस त्यांच्यातलाच, माशांवर पहारा करणारा. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. मी त्यांना भाऊ म्हणे, ते मला बाई म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्याबद्दल पहिल्या दिवशी माझं मत काय झालं, तेही सांगून टाकते. जो माणूस प्रश्न विचारत नाही आणि सगळं बघतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं, असं झालं.

नमुना घ्यायची पद्धत कडक होती. वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली हाताएवढी लांब धरायची, श्वास रोखायचा आणि तोटी उघडायची. आवाज पूर्ण थांबेपर्यंत उघडी ठेवायची, मग घट्ट बंद करायची, मगच श्वास सोडायचा. जवळ विस्तव नको, बिडी नको. दर आठवड्याला दोन बाटल्या, एकामागून एक, म्हणजे एकीनं दुसरीची साक्ष द्यावी. श्वास रोखणं मला जड जाई, तोटी बंद करेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. भाऊ लहानपणापासून पाण्यात बुडी मारून जाळी लावणारे. ते बाजूला उभे राहून माझ्याकडे बघत आणि काही बोलत नसत. तेही मला आवडत नसे.

कामाची वाटणी ऋतूनं केली होती. कोरड्या दिवसांत मी बसनं जायची, पुढे पायी. पावसाळ्यात वाटेतले नाले चढले की जाणं बंद. म्हणून मृगाच्या आधी केंद्राची जीप चार महिन्यांच्या बाटल्यांच्या पेट्या परस्पर पाळीवर उतरवून देई आणि ते चार महिने भाऊ नमुने घेत. त्यांना तारीख लिहिता येत नव्हती, म्हणून दिवस ठरवला मुलचेऱ्याकडच्या आठवडी बाजाराचा. बाजार आला की एक जोडी, नंबरानं लावून ठेवलेली. दिवाळीच्या आसपास मी त्या भरलेल्या पेट्या उचलायची.

बाकीच्या आठ महिन्यांच्या पेट्या बसनं माझ्या घरी येत. नाक्यावर पोलीस त्या उघडायला लावत. नक्षलवाद्यांची धास्ती असलेल्या आमच्या भागात काचेच्या बाटल्या, तोट्या आणि भुसा भरलेली लाकडी पेटी घेऊन जंगलात जाणारी बाई कुणालाही बरी दिसली नसती.

"यात काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही तर नेता कशाला?"

"काहीतरी भरून आणायला."

अशी उत्तरं दोनदा दिली. तिसऱ्या वेळेपासून केंद्राचं पत्र दाखवायला लागले.

घरी मुलं होती, पाहुणे असत. पेटी ठेवायला एकच जागा सुरक्षित, स्वयंपाकघरात फ्रीजच्या वरची फळी. तिथं कुणाचा हात पोचत नसे. पहिल्या वर्षी दोन-तीनदा असं झालं की एवढी पायपीट करून पाळीवर पोचावं, तोटी उघडावी आणि आवाजच नाही. बाटली वाटेत कधीतरी सैल होऊन हवेनं भरलेली. आठवडा वाया. मग मी घरूनच तपासून न्यायला लागले. निघायच्या आदल्या संध्याकाळी तोटी केसभर फिरवायची, बारीक सूं ऐकू आलं की लगेच घट्ट. आवाज आला म्हणजे बाटली चांगली. त्यानंतर एकही खेप वाया गेली नाही. ही युक्ती मी साहेबांना कळवली नाही, कारण त्यात कळवण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

अशी काही वर्षं गेली. केंद्राकडून अधूनमधून कागद येई, कुठला गॅस किती. काही गॅस उतरायला लागले होते. फ्रीजमधला मुख्य गॅस, ज्याला मेकॅनिक लोक बारा नंबर म्हणतात, तो हट्टी होता. तो चढायचा थांबतो कधी आणि उतरायला लागतो कधी, याची साहेब वाट बघत होते. मीही बघायला लागले होते. स्वतः भरलेल्या बाटलीतून काहीतरी कळणार आहे, याची माणसाला चटक लागते.

मग एका मे महिन्यात पत्र आलं. साहेबांनी लिहिलं होतं की आमच्या ठिकाणचे बारा नंबरचे आकडे संशयास्पद आहेत. एकाच जोडीतल्या दोन बाटल्या एकमेकींशी जुळत नाहीत. काही आकडे इतके चढे आहेत की जणू नमुना शीतगृहाशेजारी उभं राहून घेतला आहे. खुलासा झाला नाही तर दिवाळीनंतर हे ठिकाण बंद करावं लागेल, आणि आतापर्यंतच्या सगळ्या वर्षांचे आकडे वगळावे लागतील.

मी पत्र दोनदा वाचलं. सगळी वर्षं. सगळी ती पायपीट.

कोणत्या बाटल्या, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर मिळालं होतं. माझे नमुने मी माझ्या हातानं घेतले होते. जे मी पाहिलं नव्हतं ते पावसाळ्यातलं. मुलचेऱ्याला मासळीच्या एका बंगाली व्यापाऱ्याकडे मोठा डीप फ्रीज होता. भाऊ बाजाराच्या दिवशी त्याच्याकडेच मासे घालायला जात. आणि बाटल्यांचा दिवसही तोच. पावसात पाळीवर भिजत कोण उभं राहील? बाटल्या टोपलीत टाकायच्या, व्यापाऱ्याच्या पडवीत बसून आरामात तोट्या फिरवायच्या. मला ते डोळ्यांसमोर दिसलं. मागच्या बारीकसारीक गोष्टीही आठवल्या. पाळीवर सापडलेलं बिडीचं थोटूक. पेटीवर बायकोचं जुनं लुगडं झाकलेलं, कशासाठी कुणास ठाऊक. आणि दिवाळीत मिळणाऱ्या बाटल्या, ओळीनं, पुसून ठेवलेल्या. इतकं नीटनेटकं काम दिसलं की बाजारातल्या टोपलीसारखा मी आधी खालचा थर बघते.

मी केंद्राला लिहिलं: पावसाळ्यातले नमुने देखरेखीशिवाय घेतले जातात, ते विश्वासार्ह वाटत नाहीत, मदतनीस बदलावा. पत्र त्याच दिवशी टाकलं. साहेब बाहेरगावी होते, कचेरीतून उत्तर आलं, दिवाळीपर्यंत दुसरा माणूस शोधा, तोवर पावसाळ्यातले आकडे बाजूला ठेवतो. नवऱ्यानं ते वाचलं आणि विचारलं, "त्याला विचारलंस का?"

"चोराला विचारायचं असतं का?"

"चोर आहे हे तरी कुठं विचारलंस?"

नवऱ्याला प्रश्न विचारायची सवय आहे. मी दुर्लक्ष केलं, पण पुरावा हवा हे खरं होतं.

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली. बाजाराचा दिवस बघून मी न कळवता निघाले. सबब म्हणून घरातली एक बाटली पिशवीत घेतली, नेहमीसारखी तपासून. जादाची बाटली द्यायला आले, असं सांगता आलं असतं.

मुलचेऱ्याला उतरून आधी त्या व्यापाऱ्याकडे गेले. डीप फ्रीज पडवीतच घरघरत होता.

"तळ्यावरचा चौकीदार तुमच्याकडे बाटल्या घेऊन येतो का, काचेच्या?"

"बाटली?" तो हसला. "बाटली नाही दीदी, मच्छी आणतो. आणि ती पण सगळ्यात लेट. बाकी दिवशी सकाळीच येतो, बाजाराच्या दिवशी मात्र याला काय होतं काय माहीत. बाजार उठायला आला की हा येतो. मी सांगतो, अरे, सकाळी आण, ताजी मच्छी आहे. म्हणतो, सकाळी काम आहे."

व्यापारी त्याला सांभाळून घेत असेल, असं मी ठरवलं आणि पुढे चालू लागले. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. तलावाशी पोचले तेव्हा पाळीकडे न जाता पलीकडच्या काठाला पळसाच्या झुडपाआड बसले. वयाच्या चाळिशीत, चिखलात, पदर खोचून. हे सांगायला मला आज लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नव्हती.

थोड्या वेळानं भाऊ झोपडीतून पेटी घेऊन निघाले. लुगड्यात गुंडाळलेली पेटी त्यांनी लेकराला धरतात तशी धरली होती. मागून बायकोचा आवाज आला. शब्द नीट कळले नाहीत, पण चूल अजून पेटवू दिली नाही म्हणून ती बोलत होती, एवढं कळलं. भाऊ पाळीच्या टोकाला गेले. मूठभर माती उडवून वारा बघितला. जागा बदलली. मग बाटली लांब धरली आणि उभे राहिले, बगळ्यासारखे स्थिर. आवाज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. पण किती वेळ उभे होते हे मला दिसत होतं. तो वेळ मला जास्त वाटला. माझ्या बाटल्या इतका वेळ घेत नसत. दुसरी बाटलीही तशीच.

पहिला विचार माझ्या मनात आला तो हा, की यानं मला पाहिलं आणि म्हणून हे नाटक चाललं आहे.

मी उठून पाळीवर गेले. भाऊ भरलेल्या बाटलीची खूण म्हणून तोटीला दोरा बांधत होते. वर न बघता म्हणाले, "या बाई. झुडपाखाली मुंग्या हायेत, चावल्या नाई ना?"

"कधी पाहिलंत?"

"तिकडचे बगळे उडाले तवाच. मनलं, कोण तरी बसून राह्यलं. मंग पातळाचा रंग दिसला." दोरा दातानं तोडला. "चोरून पाह्याचं व्हतं तर पांढरं नेसून याचं, बगळ्यात बगळा दिसला असता."

झोपडीतून त्यांची बायको बाहेर आली आणि मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, तुमच्या हवेपायी बाजाराच्या दिशी दुपार होस्तोर चूल बंद. मोहफुलाच्या दिवसात झाडाखालचा पाला जाळाले गेलं तर तुमी येनार मनून तवाबी नाई मनते. बिडी ओढाची तर मले गावात पाठोते."

"तुम्ही बिडी ओढता?" पाळीवरचं ते थोटूक माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"मीच ओढतो," ती म्हणाली. "ह्यो कुठी ओढते. याचा दम जाते ना."

मी पिशवीतली बाटली काढली. जादाची आणली आहे, म्हणाले. भाऊंनी ती हातात घेतली, तोटी निरखून बघितली आणि मला परत दिली.

"ही तुमच्या घरून आली."

"हो."

"मंग हे अर्धीच आहे."

"म्हणजे?"

"राग नका मानू. मी जे बाटली उघडतो, ते भरेपर्यंत एक कोडी मोजतो. वीस. आमी मासे कोडीनंच मोजतो, दुसरं गनित मले येत नाई. पाच वर्सं झाली, पेटीतल्या हर बाटलीले वीस लागतात. कधी एकोनीस, कधी एकवीस. आन तुमी जवा उघडता ना, मी बाजूले उभा राहून मोजतो. तुमच्या बाटल्या चौदा, पंदरा. कधी बारा. आवाजबी बारीक."

"आधी का नाही बोललात?"

"तुमी शिकलेल्या. मले वाटलं, तुमी घरूनच थोडी हवा भरून आनता. चालत याचा कंटाळा येत असन. मनलं, साहेबाले सांगतलं तर बाईचं काम जाईन." मग शांतपणे म्हणाले, "पन तुमच्यावर नजर ठेवली व्हती."

मी त्यांच्या पेटीतली एक न वापरलेली बाटली मागितली. त्यांना ते आवडलं नाही, पुढच्या आठवड्याची होती ती. पण दिली. आम्ही दोन्ही बाटल्या घेऊन टोकाला गेलो. आधी त्यांची. मी मनात मोजलं, त्यांनी बोटांवर. वीस. मग माझी. आवाज सुरुवातीपासूनच दबलेला होता. तेरावर थांबला.

तोटी बंद करून मी तिथंच उभी राहिले. मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती. केसभर फिरवलेली तोटी, बारीक सूं, लगेच घट्ट. ते बारीक सूं म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली हवा आत जात होती. दर आठवड्याला, दोन्ही बाटल्यांत, कधी कमी कधी जास्त. म्हणून जोड्या जुळत नव्हत्या. आणि ही तोटी मी फ्रीजसमोर उभी राहून फिरवत होते. फ्रीज जुना होता, सेकंडहँड घेतलेला. दर उन्हाळ्यात गार करेनासा झाला की वरोऱ्याकडचा एक मेकॅनिक येऊन गॅस भरून जाई. दर उन्हाळ्यात भरायला लागतो, म्हणजे मधल्या वर्षभरात तो कुठंतरी जात होता. तो कुठं जातो, हा प्रश्न जगात कुणाला पडायला हवा होता तर मला. मी मेकॅनिकचं काम तपासत होते, त्यानं नळी नीट जोडली का ते. गॅसचा विचार केला नव्हता.

"भाऊ," मी म्हटलं, "मी साहेबांना पत्र लिहिलं आहे. तुम्हाला काढावं म्हणून."

पाणी घेऊन आलेल्या बायकोनं हातातला तांब्या खाली ठेवला. भाऊंनी बाटलीला दोरा बांधून झाल्यावरच माझ्याकडे बघितलं.

"कवा?"

"दोन महिने झाले. दिवाळीपर्यंत दुसरा माणूस बघायचा आहे."

"मंग आता दुसरं पत्र लिवा," ते म्हणाले. "आन मले वाचून दाखवून मंग टाका. तुमच्यावर आता भरोसा नाई."

मी वही काढून तिथंच लिहिलं. तीन ओळींत संपेल असं वाटलं होतं, दोन पानं झाली. फ्रीज लिहिला, फळी लिहिली, केसभर तोटी लिहिली, वीस आणि तेरा लिहिलं. वाचून दाखवलं. भाऊंनी एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं, मदतनिसाचे नमुने बहुधा योग्य असावेत. "बहुधा काऊन?" त्यांनी विचारलं. मी शब्द खोडला.

चामोर्शीला परत आल्यावर आधी पेटी फ्रीजवरून उतरवून पडवीत ठेवली. मग मेकॅनिकला बोलावलं. त्यानं साबणाचं पाणी लावून गळती शोधली. मागच्या नळीवर बुडबुडा आला, मोठा होऊन फुटला, पुन्हा आला. मी विचारलं, इतकी वर्षं हे का नाही पाहिलं? तो म्हणाला, बाई, गळती शोधली तर पुढच्या उन्हाळ्यात मला कोण बोलावणार? निदान हा माणूस खरं बोलला. फ्रीज मी त्या वर्षी वापरायचा बंद केला. पुढचा उन्हाळाभर घरातल्या सगळ्यांनी माठाचं पाणी पिताना माझ्याकडे बघितलं.

दिवाळीच्या आधी साहेबांचं उत्तर आलं. त्यांनी आता बाटल्यांचे नंबर पाठवले होते. मी माझं तारखांचं रजिस्टर उघडून एकेक जुळवला. खराब आकडे सगळे कोरड्या महिन्यांतले, म्हणजे माझे. पावसाळ्यातली एकही जोडी खराब नव्हती. मे महिन्यात मी नंबर मागितले असते तर हे एका दुपारी कळलं असतं. ठिकाण बंद होणार नव्हतं. माझी आठ-आठ महिन्यांची सगळी वर्षं वगळली जाणार होती आणि भाऊंचे चार-चार महिने राहणार होते. पुढे पेट्या बारा महिने थेट पाळीवर जातील, नमुने मदतनीस घेतील, बाईंनी रजिस्टर ठेवावं. खाली साहेबांनी हातानं लिहिलं होतं की स्पष्ट कळवल्याबद्दल आभारी आहे. ते वाक्य मला फारसं आवडलं नाही, पण खोटंही नव्हतं.

मी रजिस्टर ठेवलं. महिन्यातून एकदा पाळीवर जाऊन नंबर उतरवून आणायचे, एवढंच काम. भाऊंनी तोट्यांना मी हात लावू नये याची काळजी घेतली. मी पाळीवर असले की पेटीचं झाकण बंद असे.

आणखी काही वर्षांनी, मी नोकरी बदलायच्या बेतात असताना, केंद्रानं आमच्या ठिकाणचा आलेख छापून पाठवला. मी तो भाऊंना दाखवायला नेला. पाळीवर बसून आम्ही तो मांडीवर पसरला. बायको बिडी ओढत मागे उभी राहिली. बाजाराचा दिवस नव्हता.

सुरुवातीला ठिपक्यांचे छोटे घोस होते, मध्ये मोठ्या रिकाम्या जागा. मग पुढे ठिपके सलग. सलग ठिपके आधी आडवे गेले होते आणि शेवटी, नीट बघितलं तरच कळेल इतके, खाली झुकले होते.

भाऊंनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हे खड्डे काऊन?"

"ते माझे."

त्यांनी मान हलवली. मग बोट शेवटच्या ठिपक्यांवर नेलं. "आन हे उतरून राह्यलं, हे खरं कशावरून?"

"दुसऱ्या देशांतल्या बाटल्याही तेच सांगतात."

"त्याहीच्या बाया घरी उघडून पाहत नसतील, हे तुमाले कोनं सांगतलं?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं. भाऊंनी आलेखाची घडी केली, झोपडीत नेली आणि पेटीवरच्या लुगड्याखाली ठेवली.